घाटकोपरच्या गच्चीवरची सावली

भुताखेतांचं कुणी सांगायला लागलं की मी त्याला चहा पाजून गप्प करतो. माझा विश्वास फक्त उन्हावर... पोटच त्यावर होतं ना! ऐंशीच्या दशकात सोलर हीटरच्या एका कंपनीत होतो. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कुठल्या गच्चीवर किती ऊन पडतं, ते तपासायचं. सावलीच्या कडा खडूने आखायच्या आणि उरलेल्या जागेत पॅनेल. या खडूने मी अख्खं उपनगर पांढरं केलंय, खोटं नाही!

घाटकोपर पूर्व, चार मजली सोसायटी, मे महिना. गच्ची अशी तापलेली की अंडं ठेवलं तर आतून कोंबडी तंदुरी होऊनच निघावी.

"रे मेल्या, पापडार पाय देव नको!"

या मालतीकाकू. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यापासून घर त्यांच्या पापडांवर चालायचं. सेक्रेटरीने मात्र पॅनेलसाठी नेमकी तीच मधली जागा दाखवलेली.

"हय पॅनेल लावलास तर मी पापड खय वाळवू? तुझ्या डोक्यार?"

म्हटलं, "काकू, आमचे साहेब ठरवतील."

मेच्या मध्यावर मुंबईत एक दिवस सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सावल्या पायाखाली गडप होतात. तो दिवस नेमका तोच. भर दुपारी माझी सावली गेली, काकूंची गेली, कठड्याची गेली... आणि गच्चीच्या मधोमध एक सावली तशीच! पलंगाएवढी, काळीकुट्ट. वर पाहिलं — ना ढग, ना घार, ना पतंग. हात धरला तर हातावर चटका देणारं ऊन आणि हाताखालच्या लादीवर सावली! लादी माठासारखी गार. माझी तर वाटच लागली. काकूंकडे पाहिलं, तर त्या पदराआडून हसतायत. म्हटलं, या बाईला सगळं ठाऊक आहे!

दुसऱ्या दिवशी साहेब आले. सावली हजर. साहेबांनी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, चष्मा काढला, पुसला, घातला.

"वर काय आहे रे?"

"आकाश, साहेब."

"मग ही कशाची?"

"तुम्ही इंजिनियर, साहेब..."

सेक्रेटरी म्हणाला, "परवा तर नव्हती हो!" साहेब त्याच्यावरच खेकसले, "सावलीत पॅनेल लावतात का?" आणि तरातरा खाली उतरले. गच्ची रद्द.

आठवड्याने मुद्दाम गेलो. काकूंनी डबाभर पापड हातात ठेवले.

मी हळूच विचारलं, "काकू, आता तरी सांगा. ती सावली कुणाची? तुमच्या गावच्या देवाची?"

"माका काय इचारतंस? माझ्या जन्मात कदी बघूक नाय. माका वाटला, तूच काय तरी केलंस, माझ्यासाठी! तुझो सायब गेलो आणि ती पण गेली."

मी नाही, त्या नाहीत... मग कोण? आजवर कळलेलं नाही.

'मी नव्हतो' एवढं सांगून डबा परत करायला हवा होता. पण पापड उडदाचे होते हो.