बुरुजावरून केलेली खूण

भूतबाधा, उतारा, नजर... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट आहे मी, तोही फिजिक्सचा. त्यामुळे हे लिहिताना स्वतःचा राग येतोय. पण त्याहून जास्त गणेशचा.

गणेश आणि मी चाकणला एका प्रेस शॉपमध्ये आहोत. पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या एकाच मोठ्या प्रेसवर आम्ही दोघं — तो पुढच्या बाजूला, मी मागच्या. कानात प्लग, बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून ट्रेनी असतानाच आम्ही दोन खुणा ठरवल्या. डोक्यावर उताणा पंजा — आत हात आहे, थांब. मुठीवर मूठ — मोकळं आहे, चालू दे. या खुणा आमच्या दोघांतच. लाइनवर बाकी कोणी वापरत नाही.

गुरुवारच्या सुट्टीला मोशीहून आमच्याच लाइनवरच्या अमोलच्या गाडीने तिघं निघालो. ताम्हिणी उतरून समुद्राकाठच्या एका पडक्या कोटावर गेलो. नाव सांगणार नाही, उगाच रील काढायला गर्दी कराल. भर दुपार होती. तटाच्या टोकाला दगडी कमान, पलीकडे पाणी. गणेश कमानीकडे निघाला, मी मागोमाग. लाटांचा आवाज इतका, की हाक मारूनही उपयोग नव्हता.

समोर तटापासून तुटलेला एक बुरूज आहे, चारी बाजूंनी पाणी. त्यावर एक माणूस उभा होता... त्याने डोक्यावर उताणा पंजा ठेवला.

मी विचारच केला नाही. ती खूण दिसली की थांबवायचं, हे अंगात मुरलंय. गणेशची कॉलर धरून मागे ओढलं. तो मनगटावर पडला आणि हाड मोडलं.

कमान जागच्या जागी. साधा खडाही पडला नाही. बुरुजावर कोणी नव्हतं.

"डोकं फिरलं का राव तुझं?" अमोल म्हणाला.

कंपनीत चेष्टा सुरू झाली — "ह्याच्याबरोबर फिरायला जाताना हेल्मेट घाला." गणेशला भेटायला घरी गेलो, तर त्याची बायको म्हणाली, "भावजी, शिकलेली माणसं अशी वागत्यात व्हय?" गणेश शेजारीच बसला होता. टीव्ही बघत. नंतर कळलं, त्याने साहेबांकडे दुसरी प्रेस मागितलीय.

प्लास्टर निघाल्यावर मी त्याला कॅन्टीनमध्ये गाठलं.

"मी मुद्दाम ओढलं असं वाटतं तुला?"

"न्हाई."

"मग वहिनींसमोर गप का बसलास?"

त्याने चहाचा कप बाजूला सरकवला. "मला बी दिसला व्हता त्यो. बुरजावर."

"आणि हे आत्ता सांगतोस?"

त्याने दुखऱ्या हाताची मूठ दुसऱ्या मुठीवर ठेवली.

"मला ही खूण केली त्यानं. म्हणून तर म्होरं निघालो."

मी चहा तसाच टाकून उठलो. माणूस एक, वेळ एक, आणि खुणा दोन? आणि हा तोंड शिवून बसला, मला वेडा ठरवू दिलं. त्याच्याशी बोलणं बंद आहे.

तो माणूस कोण, आमच्या खुणा त्याला कुठून ठाऊक, मला अजून सांगता येत नाही. पण प्रेसवर खोटी खूण करणाऱ्याला माफी नसते. त्याने आमच्यापैकी खोटी खूण कोणाला केली, तेवढं तरी कळायला हवं होतं.