अळशीचं तेल

निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत देवाप्पा वजनकाट्यावर होता. त्याची आई सोनुबाई तिथंच तंबाखू चाळायची, आणि चाळून चाळून तिची छाती भरली होती. एकोणऐंशी साली डॉक्टरनं सांगितलं, वर्ष निघालं तर नशीब. तिचा एकही फोटो नव्हता. स्टुडिओ दोन गल्ल्या सोडून होता, पण देवाप्पा पडला हट्टी. फोटोत माणूस काळवंडतं, आईला आपण तैलरंगात काढणार, असं त्यानं ठरवलं. हौसेला मोल नसतं म्हणतात. याच्या हौसेला अक्कलही नव्हती.

रंगाच्या तयार नळ्या बेळगावात मिळत, त्या परवडण्यातल्या नव्हत्या. मग सफेदा, गेरू, पिवडी, काजळ आणून तो पाट्यावर घोटायचा. कॅनव्हास म्हणून मांजरपाटाला सरस आणि खडूचा हात द्यायचा. रॉकेलमध्ये घोटलेला रंग भुकटी होऊन गळून पडला. पुढं रद्दीत एक फाटकं पुस्तक सापडलं. रंग अळशीच्या तेलात घोटावेत, वाळायला वेळ लागतो, धीर धरावा, असं त्यात होतं.

अळशी म्हणजे काय, हे देवाप्पाला ठाऊक नव्हतं. विचारायचं तरी कुणाला? सीमेच्या मोर्चात मराठीसाठी घसा फोडणारा हा गडी, मराठीच शब्द अडला हे कुठल्या तोंडानं सांगणार? तो गुपचूप सदलग्याला गेला आणि एका कानडी तेलवाल्याकडं अळशीचं तेल मागितलं. तेलवाल्याला ऐकू आलं 'एळ्ळु', म्हणजे कानडीत तीळ. त्यानं तिळाच्या तेलाची बाटली भरून दिली.

सोनुबाई कामावरून आली की दमलेलीच खिडकीशी बसायची आणि देवाप्पा तिला रंगवायचा.

"तिळावाणी वास येतोय की रं, देवा," ती एकदा म्हणाली.

"पुस्तकातलं तेल हाय ते. तुला काय कळतंय?"

तिनं पदर सावरला आणि पुन्हा खिडकीकडं तोंड केलं.

चित्र मात्र उतरलं. ओठ आवळायची सवय, डोळ्यांखालचा थकवा, सगळी सोनुबाईच. बहीण तानीबाई बघून रडली. फक्त ते वाळेना. पुस्तकात धीर धरा म्हटलं होतं, यानं चार महिने धरला. वखारीतून अंगावर आलेली तंबाखूची भुकटी उडून चित्रातल्या चेहऱ्यावर बसत राहिली आणि पुसायला गेलं की रंगच हाताला यायचा. मे महिन्यात त्यानं चित्र उन्हात ठेवलं, तर गाल हनुवटीवर ओघळला. श्रावणात सोनुबाई गेली.

बाराव्याला अनगोळचे ड्रॉइंग मास्तर परशराम आले होते. त्यांनी ते चित्र बोटानं चाचपलं, बोट हुंगलं, तेल कुठलं म्हणून विचारलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"हे तिळाचं तेल, कधी वाळायचं न्हाई. अळशी म्हंजे जवस, देवाप्पा. तुमच्या घरात चटणी करत्यात की त्याची."

देवाप्पा स्वयंपाकघरात गेला. आईनं कुटलेली जवसाची चटणी बरणीत अर्धी शिल्लक होती. तो तिथंच भिंतीला टेकून बसला. शब्द आईला विचारला असता तर तिनं हसत सांगितलं असतं, आणि आपण तिलाच गप्प केलं, हे त्याला सहन होईना.

मग त्यानं जवसाचं तेल आणलं आणि आठवून आठवून आईला काढायला लागला. एक झालं, दुसरं झालं, पाच वर्षांत नऊ झाली. नववं संपलं तेव्हा कंग्राळीला दिलेली तानीबाई माहेरी आली होती. तिनं ते उजेडात धरून बराच वेळ पाहिलं.

"झ्याक काढलंयस, आण्णा. कोण ही बाई?"

देवाप्पानं चित्र तिच्या हातातून घेतलं. रंग खडखडीत वाळला होता.