आईचं अर्धं गाणं

कुरखेड्याहून वडशाला जाणाऱ्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. मस्कतला नर्स आहे, सुट्टीवर आले आहे, एवढं तिनं आपणहून सांगितलं. बोलताना ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची आणि सोडायची.

तिथं एकदा सणाला सगळ्या नर्सनी आपापल्या गावचं गाणं म्हणायचं ठरवलं. केरळच्या मुलींनी म्हटलं. हिला सिनेमातलीच गाणी आठवली.

"माय धानाच्या रोवण्यात, चिखलात रोपं लावता लावता गायची तं मले लाज वाटे," ती म्हणाली. "तिथं तेच गाणं मनात घोळून राह्यलं. पण अर्धंच. अन् आता माय नाई."

पुढच्या सीटवर एक म्हातारी स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. हिचं बोट थांबलं. ती पुढे वाकली.

"बाई, हे रोवण्याचंच ना? पुढचं म्हणा ना जरा."

"काऊन, तुले नाई येत?"

"नाई. शिकलीच नाई."

हिनं रेकॉर्ड करायला मोबाइल काढला. म्हातारीनं तो हातानं बाजूला सारला. "माह्यासंगं म्हन."

दोघी हळू आवाजात गाऊ लागल्या. हे गाणं मीही लहानपणापासून बांधावरून ऐकत आलो होतो. त्याचे शब्द मात्र त्या दिवशी पहिल्यांदा कान देऊन ऐकले.

हिचं गाव आलं. कंडक्टरनं हाक दिली.

"राहू द्या भाऊ, मी पुढं उतरीन," ती म्हणाली.

म्हातारीच्या गावाला दोघी उतरल्या. मी खिडकीतून पाहत राहिलो. ही एकटी गात होती. म्हातारी रस्त्यातच थांबली, तिनं नकारार्थी मान हलवली आणि हिला ती ओळ पुन्हा म्हणायला लावली.