कणकुंबीच्या वाटेवरची थंड पेटी

दुपारी ती ठाण्यात आली आणि माझ्या टेबलावर लॅपटॉप ठेवून समोर बसली. मला निवृत्त होऊन बराच काळ झाला, तरी ती दुपार मनातून जात नाही.

मी तेव्हा बेळगावातल्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. ती मूळची निपाणीची, नोकरीसाठी शहरातल्या खासबागेत खोली घेऊन राहिलेली. औषधांच्या एका वितरक कंपनीत विक्रीच्या आकड्यांचं विश्लेषण करायची.

"साहेब, दोघंजण मोटारसायकलीवरनं माझ्या मागं फिरत्यात. आज गाडी आडवी घातली. म्हणाले, आक्का, जोडलेलं काढून टाक."

"काय जोडलं तुम्ही?"

तिनं लॅपटॉप उघडला. कंपनीच्या डेटा मॉडेलमध्ये, म्हणजे आकड्यांच्या एकत्र मांडणीत, फक्त विक्री होती. इन्सुलिन घेऊनही शुगर उतरत नाही, अशा तक्रारी खानापूर भागातून येऊ लागल्या, म्हणून तिनं त्याला आणखी दोन स्रोत जोडले: गाड्यांची जीपीएस नोंद आणि त्यांतल्या औषधांच्या थंड पेट्यांचं तापमान. सगळ्या गाड्यांची सरासरी पाहिली तर तापमान व्यवस्थित. पण गाडी, ठिकाण, वार आणि औषध एकत्र लावून पाहिल्यावर एकच गाडी उठून दिसली. दर शनिवारी ती कणकुंबीच्या अलीकडे एका शेडपाशी थांबायची, पेटी तापायची आणि गाडी पुढं गोव्याच्या हद्दीकडे जायची.

"हे कुणाला सांगितलंत?"

"कुणालाच न्हाय. पण रिपोर्ट सकाळी आपोआप सगळ्यांना मेल होतो. मॅनेजरलाबी गेला."

तिच्या जिवाला धोका होताच, पण ते तापलेलं इन्सुलिन कितीतरी घरांत पोचलेलं होतं.

स्टेशन डायरीत नोंद करून मी तिच्यासोबत एक महिला कॉन्स्टेबल दिली. पंचांसमोर डेटाची प्रत ताब्यात घेतली. शनिवारी साध्या वेशातली माणसं शेडजवळच्या झाडीत बसवली. ड्रायव्हरनं औषधांची खोकी पत्र्याखाली उतरवली आणि रिकामी गाडी घेऊन गेला. परत येऊन तो तापलेली खोकी पुन्हा चढवू लागला, तेव्हा आम्ही त्याला धरलं; थंड पेटीत गोव्याची चोरटी दारू होती. औषधाची गाडी म्हणून नाक्यावर तिला कुणी अडवत नसे.

चौकशीत ड्रायव्हर तोंड उघडेना. मॅनेजरची धास्ती त्याला आमच्यापेक्षा जास्त होती. धाक दाखवला की माणूस आणखीच गप्प बसतो, हे मला माहीत होतं. मी साधंच विचारलं, "शेडमधल्या खोक्यांत काय असतं?"

"शुगरचं औषध. जरा तापलं तर काय हुतंय?"

"निकामी होतं. सुई घेतली तरी न घेतल्यासारखंच. माणूस बेशुद्ध पडतो."

त्याचा चेहरा उतरला.

"साहेब, त्यातलंच मी आप्पाला देतोय. सकाळपासनं आप्पा नीट बोलत न्हाईत."

आधी जीप त्याच्या घरी पाठवली. त्याचा म्हातारा बाप अर्धवट शुद्धीत होता. दवाखान्यात वाचला. तो वाचल्याचं कळल्यावर ड्रायव्हरनं सगळं सांगितलं: मॅनेजर, मोटारसायकलवाले, गोव्यातला पुरवठादार. सगळे अटकेत आले.

मग औषध परत गोळा करायचं काम. कुठली खोकी कुठल्या दुकानात गेली, ते तिच्या मॉडेलमधूनच निघालं. औषध निरीक्षक आणि एक नर्स घेऊन आम्ही गावोगाव फिरलो. गुंजीत एका आजीनं बाटली मुकाट्यानं परत दिली, पण नवी घेईना.

"ही बरी हाय म्हणून कोण सांगतंय? तीबी बरी म्हणूनच दिलती."

आरोपी आत गेले की तपास संपला, असं मी नोकरीभर मानत आलो होतो. त्या दारात उभं राहिल्यावर कळलं, की आम्ही फाईल बंद केली तरी लोकांच्या घरात गुन्हा चालूच राहतो.

नर्सनं ओट्यावर बसून आजीची शुगर मोजली, समजूत घालून सुई दिली. आम्ही तिथंच बसून राहिलो. दुपार कलल्यावर नर्सनं परत शुगर मोजली. आकडा खाली आला होता. आजीनं तो शेजारी बसलेल्या नातीकडून दोनदा वाचून घेतला आणि मगच नवी बाटली हातात घेतली.