चपला बाहेर ठेवून लिफ्टमध्ये

दिवे गेले, लिफ्ट हिसका देऊन थांबली आणि आत काळोख झाला. आम्ही तिघी होतो. मी, माझी नात रेणुका आणि आम्हाला इमारत दाखवणारी नाझिया. नाझिया तिथलीच विद्यार्थिनी, नांदेडच्या एका शिंप्याची लेक. तिनं लाल बटण दाबलं, ते वाजेना. फोन लावला, तो लागेना.

मग नाझियाच घाबरली. खाली बसून म्हणाली, "नानी, मेरेकू सांस नै आरी" (मला श्वास येईना).

मला मात्र रेणुकाची काळजी. शिरूर अनंतपाळहून आम्ही आलो होतो ते तिच्याचपायी. तिला या विद्यापीठात शिकायचं होतं. माझा मुलगा म्हणायचा, घरी लाईट गेली की आईचा पदर धरणारी पोर होस्टेलात कशी राहायची? शेवटी त्यानं मलाच बघायला पाठवलं. मी हो म्हटलं तर प्रवेश, नाही तर नाही. मी चौथी शिकलेली, पण निकाल माझ्यावर होता.

चाकूर, अहमदपूर, लोहा करत एस.टी.नं नांदेड गाठलं होतं. दोन्हीकडं काळं रान, सोयाबीन नुकतं उगवलेलं. विद्यापीठातली ही इमारत नवीकोरी. पाटीवर 'बहुउद्देशीय' लिहिलेलं. म्हणजे काय, मी विचारलं. नाझियानं सांगितलं, इथं परीक्षा होते, नाटक होतं, पाऊस आला तर कबड्डीही आतच होते.

"आन् लग्नं?"

"न्हाई नानी, तेवढं सोडून सगळं."

"मग बरी हाय."

खालच्या खाणावळीत सुसला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा उपमा) खाल्ला. मीठ कमी, पण गरम होता. मग लिफ्टपाशी आलो. आतली फरशी आरशासारखी. घासूनपुसून ठेवलेल्या खोलीत पायताण घालून जायची आमच्यात रीत नाही, म्हणून मी चपला दाराबाहेर काढल्या. लोक बघायलेत म्हणून रेणुका लाजली. मी ऐकलं नाही.

आणि वर जाताना हे असं झालं.

अंधारात रेणुका नाझियाजवळ सरकली. तिचा हात धरून विचारू लागली, अभ्यासिका कितव्या मजल्यावर हाय, खिडक्या कुठल्या अंगाला, बसायला जागा मिळती का. नाझिया रडत रडत उत्तरं देऊ लागली. रेणुकाचाही आवाज कापत होता. हात तिनं सोडला नाही. मधेच मला हळूच म्हणाली,

"आज्जी, बाबाला सांगू नको."



बऱ्याच वेळानं वरून दार ठोठावल्याचा आवाज आला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली होती. वॉचमननं दार फाकवून आत स्टूल सोडलं आणि एकेकीला वर ओढून घेतलं. माझ्या चपला त्याच्या काखेत होत्या.

"मावशी, या दिसल्या म्हणून कळलं आत माणूस हाय. मी तर जेवायला निघालतो. देऊळ समजलात का काय?"

"देवळाचं दार असं अडकत न्हाई बाबा," मी म्हटलं.

उरलेली इमारत जिन्यानं पाहिली. अभ्यासिकेत पोरी मान खाली घालून वाचत होत्या, कुणी वर पाहिलं नाही. रेणुका एका रिकाम्या खुर्चीवर बसून पाहून आली. नाझियानं फाटकाशी माझे पाय धरले. उगीच धरले, मी काहीच केलं नव्हतं.

संध्याकाळी मुलगा स्टँडवर न्यायला आला. रेणुका माझ्याकडं टक लावून बघत होती. मी लिफ्टचं सगळं सांगितलं. खोटं बोलून पोरीला बाहेर धाडायचं नाही.

"भ्याली असंल," तो म्हणाला.

"भ्याली की. भीत भीतच दुसरीला धरून बसली. पाठव तिला."

तो गाडीला किक मारून म्हणाला, "बस मागं."

भ्यायलेलं माणूस निकामी नसतं, एवढं मी नांदेडला पाहिलं. त्या लिफ्टमधून नाझिया, रेणुका आणि मी, तिघीही धडधाकट बाहेर आलो. रेणुका आता तिथंच शिकते.