नेढं नसलेली सुई

सुनेनं मागवलेल्या डब्यात रंगीत लोकर आणि तीन सुया होत्या. लोकर सुईनं टोचत राहिलं की घट्ट होते, तिची जनावरं करता येतात, असं ती म्हणाली. मलाही करून बघावंसं वाटलं. जन्मभर वाकळा शिवल्यामुळे मी दोरा घेऊन सुईचं नेढं शोधत बसले. सून त्याचा व्हिडिओ काढत होती, हे मला कळलंच नाही.

दुपारभर टोचून मी मेंढी केली. कानसुद्धा नीट जमले.

संध्याकाळी पलटणीतून लेकाचा फोन आला. "आई, घावलं का नेढं? तिनं धाडलेला व्हिडिओ बघून हितं समदी पोरं हसत्यात."

मी म्हणाले, "मेंढी केलीय. दावू का?"

"ऱ्हाऊ दे गं," म्हणाला आणि पुन्हा नेढ्यावरच हसायला लागला.

मी फोन सुनेच्या हातात दिला.