दारावर दिलेलं तिकीट

तिकीट हा शब्द कानावर पडला की ती घटना आजही आठवते आणि तोंड कडू होतं.

लढाईचे दिवस होते. मी शहापूर ठाण्यात नवा फौजदार. आटगावला रेशन दुकानदाराचं गोदाम भर दुपारी पेटलं. आत सरकारी भात होतं. पंचनामा उरकतो न उरकतो तोच दुकानाच्या कारकुनानं खबर दिली: आदल्या दिवशी शेठनं शिवी दिली म्हणून हमालानं आग लावली. इतकी आयती खबर आली की मला शंका आली. वरिष्ठांना आली नाही. हमाल कोठडीत गेला.

गंमत अशी, की आगीच्या वेळी आपण कल्याणला होतो असं शेठही म्हणत होता आणि हमालही. शेठनं आटगाव-कल्याण तिकीट टेबलावर ठेवलं. त्यावर त्याच दिवसाची तारीख! "याला म्हणतात पुरावा," वरिष्ठ म्हणाले.

हमालाजवळ काहीच नव्हतं. "तिकीट दारावर घेतला ना त्यांनी, सायेब. आमी कुठून दाखवू? माझ्या लेकीला इचारा, तिच्याकडंच जेवलो."

लेकीची साक्ष घरची म्हणून कुणी धरली नाही. हवालदारांनी त्याचे तळपाय सुजवले.

त्याच सुमारास मी घरच्या कामासाठी कल्याणला गेलो. दारावर तिकीट कलेक्टरनं हात पुढे केला, मी तिकीट दिलं, बाहेर पडलो आणि जागीच थबकलो. अरे, जो कल्याणला पोचला त्याच्याकडे तिकीट उरेल कसं! हमाल बिचारा तेच सांगत होता.

दुसऱ्या दिवशी शेठला ठाण्यावर बोलावलं.

"शेठ, कल्याणला जेवलात कुठे?"

"खाणावळीत, बाजारात."

"म्हणजे स्टेशनाबाहेर?"

"मग काय फलाटावर पान मांडू?"

"तर मग हे तिकीट दारावर कुणी घेतलं कसं नाही?"

शेठ आधी हसला, मग त्यानं पाणी मागितलं. संध्याकाळपर्यंत सगळं ओकला. तिकीट नुसतं दाखवायला काढलं होतं, गाडीत तो चढलाच नव्हता. भात आधीच काळ्या बाजारात गेलं होतं. जळली ती भुशाची पोती, आणि पेटवली त्यानंच.

हमाल सुटला. शेठवरचा खटला मात्र वरच्या दडपणानं पातळ होत गेला. ठाण्यात दिलेला जबाब त्यानं कोर्टात फिरवला आणि पुराव्याअभावी तो निर्दोष ठरला. माझी बदली मुरबाडला झाली. संताप संताप झाला, पण सांगणार कुणाला? एवढं मात्र शिकलो: खरा माणूस पुरावा जपत बसत नाही, आपल्याला तो लागेल हे त्याच्या गावीही नसतं. पुढे नोकरीभर, कुणी न मागता पुरावा पुढे केला की मी आधी त्याच्याच तोंडाकडे बघायचो.

काही वर्षांनी टोकावड्याच्या रस्त्यावर तो हमाल खडी फोडताना दिसला. आटगावात त्याच्या पाठीवर कुणी पोतं देईना. पोरं 'आगलाव्या' म्हणून हाका मारत, म्हणून त्यानं गाव सोडलं होतं.

"आणि शेठ?" मी विचारलं.

"बेस हाय. निवडणुकीला हुबा ऱ्हायलाय." त्यानं हातोडा खाली ठेवला. "त्याला परत तिकीट गावलाय, सायेब."